हिरव्या खुणेखाली दडलेली चूक

"सर, उत्तरतालिका चुकलीय."

रविवारी सकाळी, चहा यायच्याही आत, तिनं वही माझ्यापुढे सरकवली. कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, सात आठवड्यांवर आली होती. ती कॉमर्सची पदवीधर, मूळची साताऱ्याची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, सध्या पुण्यात नोकरी करून अभ्यास करणारी. आकडेमोडीत हात इतका वेगवान की मी पेन्सिल उचलेपर्यंत तिचं उत्तर तयार असतं. नाव इथे देत नाही, पण वहीतली पानं तिच्या परवानगीनेच वापरतो आहे. कारण चूक तिची एकटीची नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत हीच चूक मी निदान सात-आठ वह्यांत पाहिली आहे, आणि त्यातल्या बहुतेक पानांवर ती 'बरोबर' म्हणून उभी होती.

तालिका चुकल्याचा संशय ज्या प्रश्नावरून आला तो असा:

|क्ष − २| + |२क्ष + ५| ≤ ६ या अटीत बसणाऱ्या पूर्णांक संख्या किती?

उभ्या दोन रेघा म्हणजे केवलमूल्य, क्लासच्या भाषेत 'मॉड'. नवव्या सराव परीक्षेतला हा प्रश्न. पर्याय नाहीत, उत्तर स्वतः टाइप करायचं, म्हणजे कॅटची मुलं ज्याला 'टीटा' म्हणतात तो प्रकार. चुकलं तर तीन गुण हुकतात, पण उणे गुण नाहीत. तिनं ५ टाइप केलं होतं. तालिका म्हणत होती ३. घरी जाऊन तिनं तो पुन्हा सोडवला, ५ आलं. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्यानं सोडवला, तरी ५. तीनदा तेच उत्तर आल्यावर माणूस तालिकेवर संशय घेणारच, आणि सराव परीक्षांच्या तालिका अधूनमधून चुकतातही. त्यामुळे मी तिला लगेच खोडून काढलं नाही.

वहीतल्या पायऱ्या अशा होत्या:

(क्ष − २) + (२क्ष + ५) ≤ ६, म्हणून ३क्ष + ३ ≤ ६, म्हणून क्ष ≤ १.

−(क्ष − २) − (२क्ष + ५) ≤ ६, म्हणून −३क्ष − ३ ≤ ६, म्हणून क्ष ≥ −३.

म्हणजे −३ ते १. मोजले तर −३, −२, −१, ०, १. पाच.

उणे संख्येनं भागताना चिन्ह उलटवायला ती विसरलेली नाही. मोजताना शून्य गाळलेलं नाही. ओळी सरळ, अक्षर स्वच्छ.

"यात शून्य आहे ना? मग शून्य घालून बघ."

तिनं तोंडीच केलं. उणे दोनाचं दोन, अधिक पाच. सात. सात हे सहापेक्षा लहान किंवा सहाएवढं नाही. मग एक घालून बघितला: एक अधिक सात, आठ. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण मग माझी पद्धत चुकीची असेल तर आधीचे बरोबर कसे आले?"

या प्रकरणात लिहिण्यासारखं जे आहे ते या प्रश्नापासून सुरू होतं. ती 'अच्छा, सिली मिस्टेक' म्हणून पान उलटून मोकळी झाली असती, तर मीही कदाचित पुढे गेलो असतो.

आधीचे प्रश्न

आम्ही मागची पानं काढली. सराव परीक्षा ती घरी शंभर पानी वहीत सोडवते, त्यामुळे कच्चं काम शिल्लक होतं. प्रत्यक्ष परीक्षेत कच्च्या कामाचा कागद तिथेच द्यावा लागतो आणि त्यावर काय लिहिलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. यंत्राला फक्त शेवटचा आकडा दिसतो.

चौथ्या परीक्षेत होतं: |क्ष − ३| + |क्ष + ४| ≤ ११, पूर्णांक किती? तिचं काम: २क्ष + १ ≤ ११ वरून क्ष ≤ ५, आणि −२क्ष − १ ≤ ११ वरून क्ष ≥ −६. उत्तर १२. तालिका १२. हिरवी खूण, पंचावन्न सेकंद.

सातव्यात होतं: |क्ष + २| + |क्ष − ८| < १४. तिचं काम: २क्ष − ६ < १४ वरून क्ष < १०, दुसरीकडून क्ष > −४. टोकं धरायची नाहीत, म्हणून −३ ते ९, तेरा संख्या. तालिका १३. पुन्हा हिरवी खूण.

दोन्ही ठिकाणी पद्धत अगदी तीच. सगळे मॉड एकदा अधिक चिन्हानं उघडायचे, एकदा सगळेच उणे चिन्हानं उघडायचे, आणि दोन्हींमधून येणारी टोकं धरून मधलं मोजायचं. घरातल्या दोन दिव्यांना एकच बटण असावं तसं: दोन्ही लागतील नाहीतर दोन्ही विझतील. एक लागलेला आणि एक विझलेला, अशी शक्यताच तिच्या वहीत नव्हती.

हे बटण आलं कुठून? एकच मॉड असलेला प्रश्न, समजा |२क्ष − ५| ≤ ९, सोडवताना खरोखरच दोन बाजू असतात. आतली राशी एकदा अधिक धरायची, एकदा उणे. −२ ते ७, दहा संख्या. इथे ती पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. तिनं तोच नियम दोन मॉडना लावला, फक्त 'प्रत्येक मॉडच्या दोन बाजू' हे 'प्रश्नाच्या दोन बाजू' होऊन बसलं.

त्याच्याही मागे जायचं तर नववीत जावं लागतं. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात वास्तव संख्यांच्या धड्यात याला केवलमूल्य म्हटलं आहे. क्लासमध्ये आल्यावर तो शब्द मागे पडतो आणि सगळे 'मॉड' म्हणू लागतात. मी तिला विचारलं, केवलमूल्य म्हणजे काय? तिचं उत्तर: "उणे चिन्ह काढून टाकायचं." |−३| = ३, यासाठी ते पुरतं. पण आत चल असला की चिन्ह दिसतच नाही. क्ष − २ मध्ये जे उणे दिसतं ते वजाबाकीचं आहे, आणि राशी उणे आहे की अधिक हे क्ष कुठे उभा आहे त्यावर ठरतं. केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर, हे तिनं कधीतरी वाचलेलं होतं. लक्षात मात्र 'उणे काढा' एवढंच राहिलं.

या उभ्या दोन रेघा १८४१ मध्ये जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांनी वापरात आणल्या. चिन्ह सुटसुटीत आहे, पण उघडणारी रेघ आणि मिटणारी रेघ एकसारखीच, त्यामुळे ते कंसासारखं वाटतं. तिच्या वहीत दुसऱ्याच ओळीला रेघांच्या जागी गोल कंस आलेले होते. आणि कंस तर आपण सहावी-सातवीपासून डोळे झाकून सोडवत आलेलो असतो.

मग उत्तर बरोबर का येत होतं?

याचं उत्तर शोधायला आम्हाला तासभर लागला, आणि त्या महिन्यातला सर्वांत चांगला तास तोच होता. मी तिला नवी पद्धत सांगण्याऐवजी चौथ्या परीक्षेतलाच प्रश्न घ्यायला लावला आणि उजवीकडचा ११ हळूहळू कमी करायला सांगितला. एका बाजूला तिच्या पद्धतीचं उत्तर, दुसऱ्या बाजूला एकेक संख्या घालून पाहिलेलं खरं उत्तर.

११ ला दोन्हीकडे १२. ९ ला दोन्हीकडे १०. ७ ला दोन्हीकडे ८. आणि ६ ला? तिची पद्धत म्हणते −३ ते २, सहा संख्या. खरं उत्तर: एकही नाही. आठवरून एकदम शून्य.

"सातला काय झालं असं?"

इथे अंतर कामाला येतं. |क्ष − ३| म्हणजे क्ष आणि ३ यांच्यातलं अंतर. |क्ष + ४| म्हणजे क्ष आणि −४ यांच्यातलं अंतर. ही दोन ठिकाणं एकमेकांपासून सात घरं लांब. ती महिन्यातून एकदा घरी जाते, म्हणून मी तिचाच रस्ता घेतला. पुण्याहून साताऱ्याला निघालीस. शिरवळला थांब नाहीतर खंबाटकीत अडक, पुण्यापासूनचं अंतर अधिक साताऱ्यापासूनचं अंतर यांची बेरीज तीच राहते. एक जेवढं वाढतं तेवढं दुसरं घटतं. बेरीज वाढवायची तर साताऱ्याच्या पुढे कराडकडे जावं लागेल, किंवा पुण्याच्या मागे. आणि तसं गेलं की दोन्ही अंतरं एकदम वाढतात, म्हणजे बेरीज दुपटीनं वाढते. बेरीज कमी करायची म्हटली तर? त्या रस्त्यावर तशी जागाच नाही.

तर ११ चा प्रश्न असा वाचता येतो: सात घरं सक्तीची, वर चार घरं मोकळी. बाहेर एक घर गेलं की दोन खर्च होतात, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन घरं. −४ च्या मागे −६ आणि ३ च्या पुढे ५. बारा संख्या, कागदाला पेन न लावता. आणि उजवीकडे ६ असेल तर सक्तीच्या सातालाच पैसे पुरत नाहीत.

आता तिच्या पद्धतीकडे परत. संख्यारेषेचे तीन पट्टे पडतात: −४ च्या डावीकडचा, मधला, आणि ३ च्या उजवीकडचा. डावीकडे दोन्ही राशी उणे, उजवीकडे दोन्ही अधिक, मध्ये एक अधिक आणि एक उणे. चौथी शक्यता, म्हणजे क्ष − ३ अधिक आणि क्ष + ४ उणे, प्रत्यक्षात नसतेच, कारण एकच संख्या ३ च्या पुढे आणि −४ च्या मागे असू शकत नाही. तिचं एक बटण फक्त दोन बाहेरचे पट्टे बघत होतं. मधला पट्टा तिनं कधी तपासलाच नव्हता. पण ११ साठी मधला पट्टा आपसूक अटीत बसत होता, कारण तिथे बेरीज सातच. न तपासलेली खोली रिकामीच निघाली, एवढंच.

मग मूळ प्रश्नात काय बिनसलं? तिथे |क्ष − २| + |२क्ष + ५| आहे. दुसऱ्या मॉडमध्ये क्षचा गुणक दोन, म्हणजे तो २ × |क्ष + २.५| असा वाचायचा: −२.५ पासूनचं अंतर, दुप्पट मोजलेलं. साताऱ्याकडचा दर दुप्पट लावला तर साताऱ्यातच बसून राहणं स्वस्त. इथेही सर्वांत कमी बेरीज −२.५ वरच मिळते, तिथे ती ४.५ आहे. आपल्याकडे ६ आहेत, म्हणजे दीड मोकळा. उजवीकडे सरकलं तर दुप्पट दरानं २ वाढतात आणि दुसऱ्या अंतराचा १ घटतो, म्हणजे दर घराला निव्वळ १. दीडमध्ये दीड घर: −१ पर्यंत. डावीकडे सरकलं तर दोन्ही वाढतात, दर घराला ३. दीडमध्ये अर्धं घर: −३ पर्यंत. उत्तर −३, −२, −१. तीन.

तिनं उजवं टोक १ काढलं होतं ते ३क्ष + ३ वरून. ती राशी बरोबर आहे, पण २ च्या पुढच्या मुलखातली. २ च्या पुढचा नियम वापरून आलेलं टोक १, म्हणजे आपल्याच हद्दीबाहेर पडलेलं. डावं टोक −३ मात्र −२.५ च्या डावीकडेच आलं, स्वतःच्या हद्दीत, म्हणून ते बरोबर ठरलं. तिच्या पाच संख्यांपैकी तीन खऱ्या आणि दोन खोट्या निघाल्या त्या याच कारणानं.

यातून तिनं स्वतःच जे वाक्य वहीत लिहिलं ते मी आता इतरांनाही सांगतो: "टोक आलं की विचार, हे ज्या पट्ट्यातून आलं त्याच पट्ट्यात आहे का?" चौथ्या परीक्षेत ५ हे ३ च्या पुढे होतं आणि −६ हे −४ च्या मागे. सातव्यात १० हे ८ च्या पुढे, −४ हे −२ च्या मागे. दोन्ही टोकं घरच्या हद्दीत. अशा मॉडच्या बेरजेचा आलेख सरळ तुकड्यांच्या कढईसारखा असतो, एकदाच उतरतो आणि एकदाच चढतो. म्हणून 'लहान किंवा एवढं' अशा अटीत दोन्ही टोकं बाहेरच्या पट्ट्यांत सापडली की मधलं सगळं आपोआप आत येतं. म्हणजे तिची पद्धत निव्वळ चुकीची नव्हती. तिला एक अट होती, आणि ती अट कुणी सांगितलेली नव्हती.

'कुणी' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो. कारण क्लासमधून फिरणाऱ्या झटपट सूत्रांत एक असंही आहे: |क्ष − अ| + |क्ष − ब| ≤ क असेल तर टोकं म्हणजे (अ + ब ± क) भागिले २. मांडून पाहिलं तर ही तिचीच पद्धत आहे, फक्त कोट घालून आलेली. सूत्र वाईट नाही. त्याच्या शेपटीला 'क हा अ आणि ब यांच्यातल्या अंतराएवढा किंवा त्याहून मोठा हवा, आणि दोन्ही गुणक एकच हवेत' असं असतं. पाठ करताना शेपूट गळते. मला सूत्रांचा राग नाही, पण ज्याची अट सूत्रापेक्षा लांब आहे ते पाठ करण्यात मला फायदा दिसत नाही. त्यापेक्षा रस्ता आणि दोन गावं लक्षात ठेवणं सोपं.

वजाबाकी

खात्री करायला मी तिला एक प्रश्न त्याच बैठकीत दिला: |क्ष + ४| − |क्ष − ३| ≥ ५.

मुद्दाम जुन्या पद्धतीनं करायला सांगितला. दोन्ही अधिक: क्ष + ४ − क्ष + ३, म्हणजे ७ ≥ ५, नेहमीच खरं. दोन्ही उणे: −७ ≥ ५, कधीच खरं नाही. "म्हणजे सगळ्या संख्या, किंवा एकही नाही," ती हसली. इथे पद्धत चुकीचं उत्तरही देत नाही, नुसती गप्प बसते. पट्ट्यांनी बघितलं तर ३ च्या पुढे सगळे आत, −४ च्या मागे कुणीच नाही, आणि मध्ये २क्ष + १ ≥ ५, म्हणजे २ पासून पुढे. उत्तर क्ष ≥ २. जो मधला पट्टा ती कधी बघत नव्हती, टोक नेमकं तिथेच होतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

'लहान' आणि 'मोठं' यातला 'आणि'-'किंवा'चा घोळ तिचा नव्हता. |क्ष| < ५ म्हणजे दोन्ही अटी एकदम, |क्ष| > ५ म्हणजे दोहोंपैकी एक. तिथे ती पक्की होती, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

घड्याळ

हे सगळं शांतपणे, चहा पीत, रविवारी ठीक आहे. अलीकडे कॅटमध्ये गणिताच्या विभागाला चाळीस मिनिटं मिळतात आणि प्रश्न बावीस. प्रश्नामागे १०९ सेकंद. वेळ संपेपर्यंत विभागातून बाहेर पडता येत नाही, आणि दुसऱ्या विभागातला वेळ इकडे आणता येत नाही. पडद्यावर गणकयंत्र असतं, पण मॉडच्या प्रश्नात त्याचा उपयोग शून्य. अशा वेळी तीन पट्टे, तीन समीकरणं आणि प्रत्येकाची हद्द असं मांडत बसलं तर दोन मिनिटं सहज जातात. तिची भीती तीच होती: "माझी पद्धत चुकीची होती, पण पंचावन्न सेकंदांत व्हायची."

आम्ही तडजोड अशी केली. बेरीज असेल आणि गुणक सारखे असतील तर रस्ता आणि दोन गावं. गुणक वेगळे असतील तर आधी जिथे मॉड शून्य होतात त्या जागांवर, म्हणजे क्लासच्या भाषेत क्रिटिकल पॉइंटवर, बेरीज किती आहे ते काढायचं. मूळ प्रश्नात −२.५ ला ४.५ आणि २ ला ९. मर्यादा ६, म्हणजे उजवं टोक २ च्या अलीकडे कुठेतरी, हे न सोडवताच कळतं. वजाबाकी दिसली की मुकाट्यानं तीन पट्टे. आणि उत्तर टाइप करण्याआधी शून्य घालून बघायचं. शून्य आपल्या उत्तरात आहे का, आणि अटीत बसतं का, ही दोन उत्तरं जुळली पाहिजेत. शून्यच का, तर त्याला आकडेमोड लागत नाही. चार सेकंद.

चार सेकंदांची ही तपासणी सगळ्या चुका पकडत नाही. चौथ्या परीक्षेतल्या प्रश्नात ती काहीच पकडली नसती, कारण तिथे पकडण्यासारखं काही नव्हतंच. आणि टोक एका घरानं चुकलं असेल तर शून्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मॉड वर्ग करून घालवता येतात हेही तिला माहीत होतं, आणि ते मी थांबवलं नाही. |२क्ष − १| < |क्ष + ४| मध्ये दोन्ही बाजू उणे असूच शकत नाहीत, म्हणून वर्ग करणं सुरक्षित आहे. वर्गांचा फरक अवयवांत मांडला की (क्ष − ५)(३क्ष + ३) < ०, म्हणजे −१ आणि ५ यांच्या मधले, पाच पूर्णांक. एका बाजूला मॉड नसेल आणि ती उणे जाऊ शकत असेल तर वर्ग करायचा नाही, हे मी सांगितलं. तिनं मान हलवली. लिहून घेतलं नाही.

तीन आठवड्यांनंतर

तेराव्या सराव परीक्षेत तिला हा प्रश्न आला: |क्ष − ४| > २क्ष − ५, किती धन पूर्णांक?

वही मी नंतर पाहिली. पहिल्या तीन ओळी वर्गाच्या. (१ − क्ष)(३क्ष − ९) > ०, म्हणून १ आणि ३ यांच्या मध्ये. धन पूर्णांक एकच, २. म्हणजे जे करायचं नाही म्हणून सांगितलं होतं तेच तिनं केलं होतं. त्याखाली एक छोटं शून्य, त्याभोवती गोल. शून्य घातलं तर डावीकडे ४, उजवीकडे −५. अट पुरी होते. पण तिच्या उत्तरात शून्य नाही. त्या गोलाखाली पेन दोनदा जोरात दाबल्यासारखी एक आडवी रेघ, आणि मग वरच्या तिन्ही ओळींवर काट.

पुढे दोन पट्टे. क्ष ४ किंवा पुढे असेल तर क्ष − ४ > २क्ष − ५, म्हणजे क्ष < १, आणि बाजूला लिहिलेलं: "हद्दीबाहेर". क्ष ४ च्या मागे असेल तर ४ − क्ष > २क्ष − ५, म्हणजे क्ष < ३, "हद्दीत". १ आणि २. उत्तर २. तालिका २.

चुकांच्या वहीत ती आता बरोबर आलेले प्रश्नही लिहिते, वेगळ्या रकान्यात. या प्रश्नापुढे तिथे असं आहे: "बरोबर. ३ मि. ४० से. शेवटचे दोन प्रश्न उघडलेच नाहीत, त्यातला एक टक्केवारीचा होता, तोंडी झाला असता."